पाठ टेकायची जागा

अण्णा घरी यायचे तेव्हा आधी त्यांचं खाकरणं यायचं. बस मालकाच्या शेडमध्ये लावून ते चालत यायचे, आणि गल्लीच्या तोंडाशी आले की खाकरायचे, हॉर्न दिल्यासारखं, एक लांब आणि एक आखूड. ते ऐकलं की आई अंघोळीचं पाणी तापत ठेवायची आणि धाकटी मालू पिशवी घ्यायला फाटकाशी पळायची. पिशवीत काय असेल त्यावरून अण्णा कुठून आले ते आम्ही ओळखायचो. मद्दूर वडे असले तर म्हैसूर, केळ्याचे खारे काप असले तर केरळ, कुंदा असला तर बेळगाव, पेढे असले तर धारवाड, आणि पेढे चेंगरलेले असले तर मधे कुठेतरी घाट लागला होता. अण्णा टुरिस्ट बस चालवायचे. आमच्या घराला कायम डिझेलचा वास असायचा आणि मला अजूनही तो वास आला की भूक लागते. हे मी एकदा एका बाईंना त्यांच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये, पडद्यांचे नमुने दाखवता दाखवता सांगितलं, तर त्यांनी खिडकी लावून घेतली.

आमचं घर शहराच्या कडेला, बनशंकरीच्या पलीकडच्या टोकाला होतं, रस्ता जिथे वळतो तिथे. तेव्हा तिथे घरं कमी आणि नारळ जास्त. पुढे व्हरांडा, मग हॉल म्हणायची एक खोली, आणि तिच्या मागे सरळ रेषेत स्वयंपाकघर. आमची माणसं काहीशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मराठी सरदाराच्या मागून या मुलखात आली म्हणतात. कोण सरदार, कुठली लढाई, कुणाला ठाऊक नाही. सरदारकी कुठे गेली तेही ठाऊक नाही. आमच्या वाट्याला मराठी तेवढी आली, आणि तीही निम्मी कन्नड. अण्णा मला ‘पुट्टी’ म्हणायचे, म्हणजे चिमुकली. माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा त्यांनी मला त्याच नावाने हाक मारली होती.

घरातले आवाज सांगायचे तर सगळ्यांत जुना आवाज आईच्या बोलण्याचा. आई चपात्या लाटताना बोलायची. कुणाशी, ते आम्हाला कळायचं नाही. नळाला पाणी कसं बारीक आलं, मालूची चप्पल कशी तुटली, शेजारच्या सरोजाक्काने उसनी नेलेली किसणी कशी परत दिली नाही, सगळं ती हलक्या आवाजात पोळपाटाला सांगायची. मधे थांबायची, जणू समोरून उत्तर येतंय, मग ‘तेच म्हणते मी’ म्हणून पुढची चपाती तव्यावर टाकायची. आम्ही दोघी हसायचो. आत गेलं की ती गप्प व्हायची.

अण्णा घरात यायचे, जेवायचे, झोपायचे, पण बसायचे नाहीत. हे सांगून कुणाला पटत नाही. झोपून उठले की पुढच्या दाराच्या पायरीवर, चपला घालून, गुडघ्यावर हात ठेवून टेकायचे. ताट तिथेच मागायचे. आत दोन खुर्च्या होत्या, पण त्या पाहुण्यांच्या. ‘आत या की,’ आई म्हणायची. ‘येतो,’ ते म्हणायचे, आणि रस्त्याकडे बघत अन्न-सारू, म्हणजे सारभात, संपवायचे. पुढची फेरी पहाटे असो नाहीतर चार दिवसांनी, माणूस कायम निघायच्या बेतात.

मे महिन्याच्या सुट्टीत जागा शिल्लक असेल तर ते मला बसमधून घेऊन जायचे. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनवर झाकण असतं, त्यावर जुनी गोधडी घडी करून टाकली की ती माझी सीट. खालून चटके बसायचे, पण पुढची काच पूर्ण माझी. बेलूर, हळेबीडु, श्रवणबेळगोळ, मदुराई, सगळं मी त्या गोधडीवरून बघितलं. बस थांबली की प्रवासी उतरायचे, मीही त्यांच्यामागून आत जायची. खांबांना हात लावायची, कान लावायची. एकेक खांब असा गुळगुळीत घडवलेला की त्यात माझं तोंड लांबट होऊन दिसायचं. जाळीच्या दगडातून जमिनीवर पडलेले उन्हाचे चौकोन मी पायाने झाकत बसायची. घरी येऊन मालूला म्हणायची, आपल्या न्हाणीघरालापण अशी जाळी पाहिजे. मालू म्हणायची, मग शेजारचा रमेश बघेल की.

अण्णा मात्र आत यायचे नाहीत. प्रवासी उतरले की ते बसच्या पोटातलं सामानाचं दार उघडायचे, बॅगा एका बाजूला सारायचे आणि तिथे सतरंजी टाकून आडवे व्हायचे. ड्रायव्हर लोकांची रीतच ती. देऊळ किती वाजता बंद होतं, चहा कुठला चांगला, गाडी कुठल्या झाडाखाली लावली की उतरत्या उन्हातही सावली राहते, हे त्यांना सगळं तोंडपाठ होतं. त्या झाडांशी त्यांची जास्त ओळख. मी विचारायची, ‘अण्णा, तुम्ही एकदाही आत गेला नाहीत?’ ते म्हणायचे, ‘काय बघायचंय, पुट्टी? दगडच की. आणि गाडी कोण बघणार?’

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. पदवी घेतलेलीही पहिली मीच, आणि हे मी जिथे तिथे सांगते, कुणाला फुशारकी वाटली तरी वाटू दे. घराच्या आतली मांडणी शिकायलासुद्धा कॉलेज असतं, हे ऐकून सरोजाक्का आईला म्हणाली होती, ‘खुर्ची कुठे ठेवायची ते शिकायला एवढी वर्षं? माझ्याकडे पाठव, दुपारी शिकवते.’ वर्गात बहुतेक पोरी मोठ्या घरच्या होत्या. परदेशी मासिकांतली चित्रं समोर ठेवून त्या खोल्या काढायच्या, आणि चांगल्या काढायच्या. माझ्याकडे मासिकं नव्हती. माझ्याकडे ती गोधडीवरून बघितलेली देवळं होती. आमच्या सरांनी एकदा माझी जाळीची खिडकी बघून विचारलं, ‘हे कुठून उचललंस?’ मी म्हटलं, ‘अण्णांच्या बसमधून.’ त्यांना तेव्हा उलगडा झाला नाही.

शेवटच्या वर्षी अण्णांची पाठ गेली. मणक्यातली गादी सरकली होती. बसायला गेले की घाम फुटायचा. डॉक्टरांनी बस चालवायची नाही म्हणून बजावलं. अण्णांनी मान डोलवली आणि बाहेर आल्यावर म्हणाले, ‘एक फेरी करतो. मग नाही.’ ती फेरी आमच्या कॉलेजच्या सहलीची होती. बस मालकाने लावली होती, आणि माझं कॉलेज आहे कळल्यावर अण्णांनी दुसऱ्या ड्रायव्हरला हात लावू दिला नाही.

सकाळी सगळ्या पोरी जमल्या. मी बसच्या दारात उभी राहून सांगितलं, ‘हे माझे अण्णा. गाणी म्हणा, नाचा, पण घाटात ओरडायचं नाही.’ माझी मैत्रीण रेहाना पुढे येऊन त्यांना सलाम करून म्हणाली, ‘अंकल, हिला इंजिनवर बसवा, आमच्यात बसली की झोपू देत नाही.’ अण्णा हसले. मी खरोखरच इंजिनावर बसले. त्या दिवशी मी काचेतून बाहेर कमी बघितलं. दर वळणाला त्यांचा जबडा कसा आवळतोय तेच बघत राहिले.

हासनच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत, एका खेड्यात एक लहानसं जुनं देऊळ आहे. गाड्या तिकडे सहसा जात नाहीत. अण्णांनी बस चिंचेखाली लावली आणि सवयीने सामानाचं दार उघडायला गेले, पण वाकताच येईना. दाराला धरून तसेच उभे राहिले. मी म्हटलं, ‘आत चला.’ ते म्हणाले, ‘गाडी?’ सर मागून येत होते. म्हणाले, ‘गाडी कुठे जाते, अण्णा? किल्ली तुमच्याच खिशात आहे. या की स्वल्प.’ अण्णांनी बसकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘सरी,’ म्हणाले, म्हणजे बरं. चपला काढल्या, पाय धुतले, आणि भिंतीला हात लावत पायऱ्या चढले.

देवळाच्या पुढच्या मंडपाला चारी बाजूंनी कमरेएवढा दगडी कठडा होता, आणि कठड्यालाच आतून लागून दगडी बाक. बाकाची पाठ म्हणजे तो कठडाच, पण सरळ उभा नाही, बाहेरच्या अंगाला किंचित कललेला. सरांनी त्याला कक्षासन म्हणतात म्हणून सांगितलं आणि पोरींना पुढे नेलं. अण्णा मात्र तिथेच टेकले. आधी कडेवर, नेहमीसारखे, उठायच्या बेतात. मग हळूच मागे सरकले. मग त्यांचे खांदे खाली आले. मी त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले आणि परत आले तर अण्णा बसल्या बसल्या झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे. मी त्यांना बसल्या जागी झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. ड्रायव्हर बसल्या जागी झोपत नाही, झोपला तर संपलं.

सर ओठावर बोट ठेवून पोरींना दुसऱ्या बाजूने घेऊन गेले. मी टेप काढला. रेहानाने दुसरं टोक धरलं. झोपलेल्या माणसाला धक्का न लावता बाकाची उंची, खोली, पाठीची लांबी अशी आम्ही सगळी मापं घेतली. पाठीचा कल मोजायला ओळंबा नव्हता, तर रेहानाने केसांची पिन दोऱ्याला बांधून सोडली. ‘अगं, हे हलले तर?’ ती कुजबुजली. ‘हलणार नाहीत,’ मी म्हटलं, आणि का कोण जाणे माझे डोळे भरून आले. तिने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

अण्णा जागे झाले ते ‘बस?’ म्हणतच. ‘आहे तिथेच आहे,’ मी म्हटलं. ते थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, ‘इथे पाठ टेकते गे, पुट्टी. दुखत नाही.’

ती त्यांची शेवटची फेरी. त्यानंतर महिनाभर ते रोज सकाळी कामावर निघाल्यासारखे निघायचे. कुठे जातात ते मालूने शोधून काढलं. शेडमध्ये, उभ्या बसच्या ड्रायव्हर सीटवर जाऊन बसायचे, आणि नवा ड्रायव्हर गाडी काढायला आला की शेजारी सरकायचे. दुपारी घरी यायचे. एका सकाळी मालकच घरी आले, हातात केळीचा घड घेऊन. भला माणूस होता. अण्णा पायरीवरच होते, पण मालक बोलले ते आईशी. ‘अम्मा, वाईट वाटून घेऊ नका. नवा ड्रायव्हर कोवळा पोर आहे. हे शेजारी बसले की त्याचा गिअर चुकतो. मी ह्यांना येऊ नका म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणा.’ आईला म्हणायची गरज पडली नाही. अण्णांनी सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते गेले नाहीत.

मग ते पायरीवर बसू लागले, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. चपला घातलेल्याच. पायरीला पाठ नसते, त्यामुळे दुखणं वाढत गेलं. वेताची खुर्ची आणून ठेवली, तर तिच्यावर ते वर्तमानपत्र ठेवायचे. ताट अर्धं परत येऊ लागलं. गालफडं बसली. एका दुपारी आई पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘आलेल्या गेलेल्याला मी बसायला देते. आणि ह्यांना ह्यांच्याच घरात कुठे बसवू, तूच सांग. शिकतेस ना तू ते?’ तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. हा माणूस असाच पायरीवर झिजून जाणार, अशी भीती आम्हा तिघींना होती, पण तोंडाने कुणी म्हटलं नव्हतं.

माझ्याकडे मापं होती. मुनियप्पा म्हणून एक मेस्त्री, म्हणजे गवंडी, आमच्या ओळखीचे होते. त्यांना मी कागद काढून दिला. करड्या दगडाच्या फरश्या आणल्या. व्हरांड्यात, घराच्या भिंतीला पाठ लावून, फाटकाकडे तोंड करून बाक बांधायचा. मी पक्का विचार केला होता. जन्मभर रस्ता बघितलेला माणूस, त्याला रस्ता दिसला पाहिजे. वळणसुद्धा दिसेल, येणारी जाणारी वाहनं दिसतील, मन रमेल. बाक झाला आणि देखणा झाला. गल्ली बघायला आली. सरोजाक्काने बसून बघितलं आणि म्हणाली, ‘कॉलेज वाया गेलं नाही म्हणायचं.’

अण्णा बसले. ‘छान झालं, पुट्टी,’ म्हणाले. पण ते माझ्यासाठी म्हणाले. आठवडा गेला तरी ताट अर्धंच परत येत होतं, आणि संध्याकाळी ते आधीपेक्षा थकलेले दिसायचे. कल बरोबर होता, उंची बरोबर होती, मी पुन्हापुन्हा टेप लावून बघत होते. एका दुपारी फाटकाशी भाजी निवडत बसले असताना माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. वळणावरून एक रिक्षा जोरात आली, आणि अण्णांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. रिक्षा गेली, पाय सैल झाला. मग दुधाची गाडी आली, पुन्हा पाय दाबला. ते ब्रेक मारत होते. त्या वळणावरून जाणारं प्रत्येक वाहन अण्णा दिवसभर, दगडाच्या बाकावर बसून, थांबवत होते.

हातातली शेंग तशीच राहिली. मी डोळ्यांसमोर ते देऊळ आणलं. अण्णा कसे बसले होते? चिंच कुठे होती? चिंच आणि तिच्याखालची बस त्यांच्या पाठीमागे होती. रस्ता मागे होता. त्यांच्या पुढ्यात नुसता मंडप होता, चकचकीत खांब, आणि पोरी इकडून तिकडे जाताना. मी सगळं मोजून आणलं होतं आणि बाक उलटा बांधला होता.

माझ्याकडे आज लोक येतात, मोबाईलवर फोटो घेऊन. कुणी राजस्थानला जाऊन आलेलं असतं, कुणी इटलीला. ‘मॅडम, आम्हाला असाच झरोका पाहिजे, अशीच कमान.’ मी त्यांना हसत नाही, मीही तेच केलं होतं. मी एवढंच विचारते की तुम्ही तिथे कुठे बसला होता, आणि तोंड कुणीकडे होतं. बहुतेकांना आठवत नाही. ज्यांना आठवतं त्यांचं घर चांगलं होतं.

बाक उलटा झालाय म्हटल्यावर मुनियप्पांनी कपाळाला हात लावला. ‘आधीच सांगायचं ना, अम्मा! फोडायचा?’ मालू म्हणाली, ‘अक्का, ह्या वेळी बाकाला चाकंच लाव.’ पण बाक फुटला आणि समोरच्या बाजूला, व्हरांड्याच्या कठड्याला लागून नव्याने उभा राहिला. कठड्याचाच वरचा भाग बाहेर कलता करून त्याची पाठ केली. आता त्यावर बसलं की रस्ता मागे आणि घराचं दार समोर. दारातून हॉल, आणि हॉलच्या पलीकडे सरळ आईचं स्वयंपाकघर.

अण्णा बसायला तयार होईनात. ‘रस्त्याकडे पाठ करून? लोक काय म्हणतील? आणि मागून गाडी आली म्हणजे?’

‘गाडी व्हरांड्यात शिरत नाही, अण्णा. कठडा आहे.’

‘आमच्या लायनीत असं बोलू नये.’

‘तुम्ही आता लायनीत नाही,’ मी म्हटलं. बोलून गेल्यावर मला वाटलं, फार झालं. आई दारात थबकली. अण्णांनी खाली वाकून, पाठ सांभाळत, चपला काढल्या. एक, मग दुसरी. आणि त्या पायरीखाली सरकवून ते अनवाणी बाकावर जाऊन बसले.

आधी कडेवर. मग मागे सरकले. मागून रिक्षा आली, वळणावर करकचून थांबली, रिक्षावाल्याने कुणाला तरी शिवी दिली. मी अण्णांचा पाय बघत होते. पाय हलला नाही.

आई आत गेली आणि पोळपाट मांडला. मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात मुनियप्पांनी सांडलेलं सिमेंट खरवडत होते. मग आतून ते नेहमीचं सुरू झालं, हलक्या आवाजात, की आज पाण्याचा टँकर येणार होता तो कसा आलाच नाही, मेस्त्रीने कशी सगळी धूळ केली, सरोजाक्काने किसणी अजून दिली नाही ती नाहीच. अण्णा कान देऊन ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे वळून बारीक आवाजात विचारलं, ‘कोण आलंय आत?’

‘कुणी नाही. आई एकटीच आहे.’

‘मग बोलते कुणाशी?’

‘कुणाशी नाही. चपात्या लाटताना बोलते ती. रोज.’

‘रोज?’

मी मान हलवली. अण्णांनी दारातून आत बघितलं. आईची पाठ होती आमच्याकडे, कोपर पुढे मागे होत होतं. त्यांनी आवाज चढवला, बसमध्ये मागच्या सीटपर्यंत पोचायचा तो आवाज.

‘अगं, किसणी कधी नेली तिने?’

लाटणं थांबलं. आई वळली. तिच्या तोंडावर चोरी पकडल्यासारखं काहीतरी होतं, आणि दुसरंही काहीतरी, जे मला तेव्हा नीट वाचता आलं नाही. मग ती म्हणाली, ‘चार-पाच संक्रांती झाल्या. सांगितलं होतं की मी.’

‘मला कधी सांगितलंस?’

‘तुम्ही होता कुठे?’

अण्णांनी पाठ पूर्ण टेकली. पाय उचलून बाकावर घेतले आणि मांडी घातली.

‘आता आहे. सांग.’